पोटातले महिने नव्हे, दुसऱ्या डोसची तारीख मोजा

15 जुलै 2022 पासून 18 ते 59 वयोगटातल्या सगळ्यांना सरकारी केंद्रांवर कोविडचा बूस्टर फुकट मिळू लागला आणि आमच्याकडे येणारे प्रश्न एकदम बदलले. एप्रिलपासून तो खासगी इस्पितळांत पैसे भरून मिळतच होता. पण गोव्यातल्या हळर्ण, चांदेल, इब्रामपूरच्या बाजूने तेव्हा क्वचितच कुणी विचारायचे. आता विचारणाऱ्यांत गरोदर स्त्रिया पुष्कळ आहेत. "सातवा महिना चालू आहे, आताच घेऊ की बाळंत झाल्यावर?" "तिसराच महिना लागलाय, सासूबाई नको म्हणतात." "गणेश चवथीनंतर दोडामार्गला माहेरी जाणार आहे, तिथे घेतला तर चालेल का?" "लंडनची नणंद म्हणते तीन महिन्यांनी घ्यायचा, इथे सहा महिने सांगतात. खरे काय?"

प्रश्न वेगवेगळे दिसले तरी घोटाळा एकच आहे. सगळ्या जणी गरोदरपणाचा महिना पाहून ठरवायला बसल्या आहेत. सरकारी नियम महिना विचारतच नाही. 2 जुलै 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गरोदर स्त्रियांना लस घ्यायला परवानगी दिली ती नऊ महिन्यांपैकी कधीही घेता येईल अशी, आणि बूस्टरच्या वेळीही गरोदर स्त्रियांना वगळलेले नाही. तुमचा दिवस ठरतो तो दुसरा डोस कधी झाला आणि शेवटचा कोविड कधी झाला यावरून. महिन्याचा विचार त्यानंतर येतो, आणि तोही थोडाच.

हा लेख ऑगस्ट 2022 च्या पहिल्या आठवड्यातल्या नियमांवर लिहिला आहे; त्यातले 'आता', 'यंदा', 'गेल्या वर्षी' हे सगळे त्या वेळचे. कोविडचे नियम त्याआधीच्या दीड वर्षात अनेकदा बदलले. म्हणून निघण्याआधी केंद्रावर एक फोन करा.

आधी तीन तारखा कागदावर लिहा

1. दुसऱ्या डोसची तारीख. ती लसीच्या प्रमाणपत्रावर आहे. आठवणीवर जाऊ नका. "गेल्या चवथीच्या आसपास" असे सांगणाऱ्यांचा दुसरा डोस प्रत्यक्षात नोव्हेंबरात झालेला असतो.
2. शेवटचा कोविड कधी झाला, आणि बरे कधी वाटले. चाचणीचा अहवाल असेल तर त्यावरची तारीख घ्या.
3. डिलिव्हरीची तारीख. सोनोग्राफीच्या कागदावर किंवा माता-बाल संरक्षण कार्डावर डॉक्टरांनी लिहिलेली.

आता पहिल्या तारखेपासून सहा महिने, म्हणजे 26 आठवडे मोजा. पूर्वी हे अंतर नऊ महिन्यांचे होते. 6 जुलै 2022 पासून ते सहा महिन्यांवर आणले. अजूनही काही घरांत नऊ महिन्यांचाच हिशेब चालू आहे आणि बायका उगीच थांबल्या आहेत. तुमचा दुसरा डोस डिसेंबर 2021 मध्ये झाला असेल तर तुमची वेळ आधीच आली. 20 मार्च 2022 ला झाला असेल तर ती 18 सप्टेंबरला येते.

फुकट मिळण्याची मुदत 30 सप्टेंबर 2022 पर्यंत होती. उलट मोजले तर 1 एप्रिल 2022 किंवा त्याआधी दुसरा डोस झालेल्यांनाच सरकारी केंद्रावरचा मोफत बूस्टर मिळू शकत होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डोस घेतलेल्या स्त्रीला पैसे भरण्याची तयारी ठेवावी लागणार होती. तिच्याविषयी शेवटी लिहिले आहे.

दुसरी तारीख बऱ्याच जणी सांगायला विसरतात. चाचणीत कोविड निघाला असेल तर बरे झाल्यापासून तीन महिने कुठलाही डोस घ्यायचा नाही. बूस्टरलाही हाच नियम आहे, आणि तो जानेवारीतच स्पष्ट केला गेला. मेच्या शेवटी आजारी पडून जूनच्या सुरुवातीला बऱ्या झालेल्यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला जावे. जुलैत बऱ्या झालेल्यांची तारीख ऑक्टोबरात जाते. फुकट मिळण्याची मुदत संपते म्हणून तीन महिन्यांच्या आत घाईने घेऊ नका. नुकत्याच होऊन गेलेल्या आजाराने शरीराला जी ताकद दिली आहे ती या काळात तुमच्यापाशी असतेच.

आणि ज्यांचे पहिले दोन डोसच पुरे झालेले नाहीत त्यांच्यासाठी बूस्टरचा विषयच नाही. गेल्या वर्षी गरोदरपणाच्या भीतीने एकच डोस घेऊन थांबलेल्या काही जणी आहेत. त्यांनी आधी दुसरा घ्यावा: कोविशील्ड असेल तर पहिल्यापासून 12 ते 16 आठवड्यांनी, कोव्हॅक्सिन असेल तर 4 ते 6 आठवड्यांनी. मुदत उलटून गेली असली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मग महिन्याचा विचार कधी करायचा?

तारखांच्या हिशेबाने तुमची वेळ आली असेल, तरच. तेव्हा दोन गोष्टी तोलायच्या असतात: तुम्हाला स्वतःला संरक्षण लवकर मिळणे, आणि बाळाला जन्मताना त्यातले जास्तीत जास्त मिळणे.

लस घेतल्यावर आईच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात. सहा महिन्यांखालच्या बाळाला कोविडची लस नाही, म्हणून त्याला जे मिळायचे ते आईकडूनच. अमेरिकेत फेब्रुवारी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आईने गरोदरपणात दोन डोस पुरे केले असतील तर सहा महिन्यांखालच्या बाळाला कोविडने इस्पितळात दाखल करावे लागण्याचा धोका सरासरी 61 टक्क्यांनी कमी दिसला. डोस पहिल्या 20 आठवड्यांत पुरे झाले तर 32 टक्क्यांनी, त्यानंतर पुरे झाले तर 80 टक्क्यांनी. त्या लसी फायझर आणि मॉडर्नाच्या होत्या. आपल्याकडच्या कोविशील्ड-कोव्हॅक्सिनला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र त्यातून कळते.

त्यावरून माझा सल्ला असा:

- पाचवा ते आठवा महिना चालू असेल आणि अंतर पुरे झाले असेल तर या आठवड्यातच घ्या. आई आणि बाळ दोघांच्या सोयीची हीच वेळ.
- पहिले तीन महिने चालू असतील तर आज घेण्यालाही हरकत नाही. पण उलट्यांनी हैराण असाल, पोटात काही राहत नसेल, मनही तयार नसेल, आणि मधुमेह, रक्तदाब असा काही त्रास नसेल, तर तेरावा-चौदावा आठवडा लागेपर्यंत थांबल्याने मोठे नुकसान नाही. एवढेच पाहा की ते थांबणे 30 सप्टेंबरच्या पलीकडे जाऊ नये.
- नववा महिना लागला असेल तरी बाळंतपणापर्यंत थांबू नका. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. बाळंतपणासाठी इस्पितळात राहणे, मग बारशाला येणारी माणसे, हे सगळे त्यानंतरच आहे. बाळंतपणानंतर ओल्या बाळंतिणीला केंद्रावर कोण नेणार, हाही प्रश्न असतोच. "बाळंत झाल्यावर घेते" म्हटले की ते सहसा राहून जाते.
- मधुमेह, वाढलेला रक्तदाब, जास्त वजन, 35 च्या पुढचे वय यांपैकी काही असेल तर महिना पाहत बसूच नका. अंतर पुरे झाले की जा.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण इथे घरोघरी उलटा समज आहे. "तिला साखर आहे, तिला कशाला लस?" असे म्हणतात. कोविड झालेल्या बहुतेक गरोदर स्त्रिया घरीच बऱ्या होतात, हे खरे. मंत्रालयाच्या माहितीपत्रकात हे प्रमाण 90 टक्क्यांहून अधिक दिले आहे. पण उरलेल्यांत ज्यांची प्रकृती झपाट्याने बिघडते त्यांत साखर, रक्तदाब, जास्त वजन असणाऱ्या जास्त असतात, आणि बाळ दिवस भरण्याआधी जन्माला येण्याचा धोकाही वाढतो. 2021 च्या जूनमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 1530 गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणींचा अभ्यास जाहीर केला. मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत 0.7 टक्के होते, दुसऱ्या लाटेत 5.7 टक्के. तेव्हा गरोदर स्त्रियांना लस घेण्याची परवानगीच नव्हती. कोविडचा ओमायक्रॉन हा प्रकार तेवढा उग्र नाही, आणि आता बहुतेकींच्या अंगात दोन डोस आहेत. म्हणून घाबरून धावत सुटायचे कारण नाही. पण मधुमेह असलेल्या गरोदर स्त्रीने बूस्टर टाळण्याचेही कारण नाही.

चवथ तोंडावर आहे

चवथ यंदा (2022) 31 ऑगस्टला, बुधवारी आहे. मुंबई-पुण्याहून चाकरमानी येणार, घरात पंधरा-वीस माणसे, गणपतीच्या माटोळीखाली आरत्या, शेजारच्या वाड्यावर भजने. गेली दोन वर्षे जे झाले नाही ते यंदा सगळे होणार. गरोदर बाईला त्यातून बाजूला कुठे बसवणार?

लसीला दोन आठवडे द्यायचे असतील तर 17 ऑगस्टपर्यंत घ्यायला हवी. ज्यांचे अंतर पुरे झाले आहे त्यांना हातात थोडेच दिवस आहेत. ही तारीख हुकली तर चवथीनंतर घ्या, आणि सणात खिडक्या-दारे उघडी ठेवा. खोकणाऱ्या पाहुण्याला मास्क लावायला सांगण्याचा अवघडपणा नवऱ्याने किंवा दिराने पत्करावा, गरोदर सुनेवर टाकू नये.

आणखी एक. श्रावण चालू आहे, सोमवारचे उपास आहेत. उपाशीपोटी लस घ्यायला जाऊ नका. रांगेत उभे राहून चक्कर येते आणि दोष लसीला लागतो. उपास मोडायचा नसेल तर मंगळवारी जा.

कुठे घ्याल: इथे की माहेरी?

हळर्णच्या बाजूच्या वाचकांना जवळचे म्हणजे कासारवर्ण्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र. तालुक्याच्या ठिकाणी पेडणे आणि डिचोलीची आरोग्य केंद्रे आहेत. लसीकरण रोज नसते, आणि एका कुपीत अनेक डोस असल्यामुळे काही वेळा ठरावीक माणसे जमल्यावरच ती फोडतात. म्हणून विचारून जा: कोणत्या दिवशी, कोणती लस, किती वाजेपर्यंत. पावसाचाही अंदाज घ्या. शापोरा नदी फुगली की काय होते ते जुलै 2021 मध्ये आपण पाहिले आहे. आठव्या-नवव्या महिन्यात त्या दिवसांत स्कूटरवरून जाऊ नका.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. 9 तारखेला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. त्या दिवशी डॉक्टर भेटतात, रक्तदाब, रक्त, लघवी तपासून होते. बूस्टरचा प्रश्न विचारायला तो दिवस चांगला. जमल्यास त्याच दिवशी डोसही घेऊन यावा.

माहेर दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याकडे असेल तर तिथेही घेता येतो. नोंदणी देशभर एकच आहे, राज्याची सीमा आड येत नाही. पण माझे मत विचाराल तर जिथे सध्या राहता आहात तिथेच घ्या आणि मग माहेरी जा. तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टर आणि नर्स इथे आहेत, कागदपत्रे इथली आहेत. माहेरी जाण्याची तारीख पुढेमागे होत राहते. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. सीमेपलीकडे महाराष्ट्रात आशा कार्यकर्ती घरी येऊन आठवण करते. गोव्यात आशा नाहीत. इथे उपकेंद्रातली एएनएम नर्स आणि अंगणवाडी सेविका याच तुमच्या गाठीच्या. त्या स्वतःहून आल्या नाहीत तर तुम्हीच त्यांना गाठा. त्यांचा नंबर मोबाइलमध्ये असू द्या.

मोबाइल नंबरचा घोळ

इतक्या जणी याच कारणाने केंद्रावरून परत फिरल्या आहेत की हा वेगळा भाग लिहावा लागतो. पहिले दोन डोस लग्नाआधी झालेले, नोंदणी वडिलांच्या मोबाइलवर. आता सासरी नंबर वेगळा, आधारकार्डावर नाव बदललेले. केंद्रावर नव्या नंबरने नोंदणी केली की संगणक तुम्हाला पहिल्या डोसची लाभार्थी समजतो.

- निघण्यापूर्वी जुने प्रमाणपत्र काढून घ्या. ज्या मोबाइलवर नोंदणी झाली होती तोच नंबर आणि तेच ओळखपत्र द्या. वडिलांचा फोन असेल तर त्या वेळी ते फोनवर हजर हवेत, ओटीपी तिथेच येतो.
- एका नंबरवर 2022 मध्ये सहा जणांची नोंदणी चालत होती. सासरच्या नंबरवर नाव हलवायचे असेल तर लसनोंदणीच्या कोविन संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याच्या भागात सदस्याला दुसऱ्या नंबरवर नेण्याची सोय आहे. हे काम दोन दिवस आधी करा, केंद्राच्या दारात नको.
- चुकून दोन वेगळी "पहिला डोस" प्रमाणपत्रे निघाली असतील तर ती एकत्र करण्याची सोयही तिथेच आहे.
- सरकारी कागदांत या डोसचे नाव प्रिकॉशन डोस आहे. मेसेज त्याच नावाने येतो.
- माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या आणि डोसची तारीख व लसीचे नाव त्यावर लिहून घ्या. बाळंतपण बांबोळीला झाले किंवा म्हापशाला, तिथल्या डॉक्टरांना ते कार्डच पाहायचे असते.

लस कोणती? ऑगस्ट 2022 च्या सुरुवातीच्या नियमाप्रमाणे आधी घेतली तीच. कोविशील्ड घेतली असेल तर कोविशील्ड, कोव्हॅक्सिन असेल तर कोव्हॅक्सिन. परदेशातली नातलग मंडळी फायझर-मॉडर्नाच्या अनुभवावरून बोलतात. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये बूस्टरचे अंतर तीन महिन्यांचे होते, आपल्याकडे सहा. त्यांचे त्यांच्या जागी बरोबर आहे. इथली नोंदणी सहा महिन्यांआधी तुमचे नाव स्वीकारणार नाही.

कोणी थांबावे, कोणी थांबू नये

थांबायचे किंवा डॉक्टरांशी बोलूनच जायचे ते यांनी:

- आधीच्या डोसनंतर अंगावर गांधी उठून श्वास कोंडला होता, इस्पितळात न्यावे लागले होते. अशांनी तीच लस पुन्हा घेऊ नये.
- कोविशील्डनंतर रक्ताची गुठळी आणि प्लेटलेट कमी होणे असा प्रकार झाला होता, किंवा पूर्वी पायात गुठळी झाली होती.
- आज ताप आहे, कोविडची शंका आहे. आधी चाचणी.
- दुसऱ्या मोठ्या आजाराने नुकतेच इस्पितळात होता. बरे झाल्यावर 4 ते 8 आठवडे जाऊ द्या.
- रक्त पातळ करण्याची इंजेक्शने चालू आहेत. लस घेता येते, पण टोचणाऱ्या नर्सला आधी सांगा आणि नंतर जागा नीट दाबून धरा.

थांबण्याचे कारण नसलेल्यांची यादी खरे तर जास्त लांब आहे. रक्त कमी आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे, जुळे आहे, आधीचे सिझेरियन आहे, अंगावर पित्त उठते, कोळंबी सोसत नाही, रक्तदाबासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिनची लहान गोळी दिली आहे: यातल्या एकाही कारणाने बूस्टर पुढे ढकलू नका. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्या दिवशीही घ्यायच्या.

टीडीच्या इंजेक्शनची गल्लत बरीच होते. धनुर्वातापासून बचावाचे ते इंजेक्शन वेगळे, त्याच्या वेळा वेगळ्या, आणि कोविडसाठी ते चुकवायचे नाही. कोविड लस आणि इतर लस यांच्यात 14 दिवस ठेवण्याची पद्धत लसीकरणाच्या सुरुवातीच्या सूचनांपासून चालत आली आहे. तेव्हा नर्सबाईंकडून दोन्हींच्या तारखा एकदमच ठरवून घ्या. कुत्रा चावला किंवा गंजके काही लागले तर मात्र 14 दिवस मोजत बसायचे नाही, ती इंजेक्शने त्याच दिवशी. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर सातव्या महिन्याच्या सुमारास देतात त्या अँटी-डी इंजेक्शनचा या हिशेबाशी संबंध नाही.

एक इशारा आणखी द्यायला हवा. मे 2021 मध्ये गोव्यात 18 वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याची घोषणा झाली होती. काही घरांत त्या पट्ट्या अजून कपाटात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, मार्च 2021 मध्ये, ते औषध चाचण्यांपुरतेच वापरावे असे सांगितले होते. गरोदरपणात त्या गोळ्यांना हात लावू नका. बूस्टरऐवजी म्हणून तर नाहीच.

घेतल्यानंतर

अर्धा तास केंद्रावर बसा. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस हलका ताप हे होणारच असे धरून चाला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक-पाण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे द्या. ताप अंगावर काढू नका. गरोदरपणात चढता ताप बरा नव्हे. पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन किंवा ते मिसळलेल्या अंगदुखीच्या गोळ्या नकोत, पाचव्या महिन्यानंतर तर मुळीच नकोत.

दोन दिवसांपलीकडे ताप राहिला, खोकला-घसा सुरू झाला तर लसीचा परिणाम समजून गप्प राहू नका, कोविडची चाचणी करा. लसीने खोकला येत नाही.

पुढच्या 20 दिवसांत यांपैकी काही झाले तर लगेच आरोग्य केंद्र गाठा किंवा 108 ला फोन करा:

- धाप लागणे, छातीत दुखणे
- हात-पाय दुखणे किंवा एकच पाय सुजणे
- थांबतच नाही अशी डोकेदुखी, नजर अंधुक होणे, झटके येणे, हातापायातली शक्ती जाणे
- सतत पोटदुखी, सतत उलट्या
- टोचले त्या जागेपासून दूर अंगावर लाल ठिपके किंवा काळेनिळे डाग

मंत्रालयाने असा त्रास एक ते पाच लाखांत एकीला होऊ शकतो असे म्हटले आहे. म्हणजे अगदी दुर्मीळ. पण डोकेदुखी, अंधुक नजर, पोटात वरच्या बाजूला दुखणे ही गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाचीही लक्षणे आहेत. म्हणून "लसीमुळे असेल" म्हणून कुणी घरी बसवले तर ऐकू नका. रक्तदाब मोजून घ्या. बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले तर 20 दिवसांचा हिशेब नकोच, तडक इस्पितळ. तिथे लस कधी घेतली ते सांगा म्हणजे त्रासाची नोंद योग्य जागी होईल. ती नोंद करून मागणे हा तुमचा अधिकार आहे.

हक्काच्या गोष्टी

लस ऐच्छिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 च्या निकालात स्पष्ट सांगितले की कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. त्यातून पुढच्या गोष्टी निघतात:

- बूस्टर नाही म्हणून कुठलेही सरकारी इस्पितळ तुमची तपासणी किंवा बाळंतपण नाकारू शकत नाही.
- तुम्ही सज्ञान असाल तर संमती तुमची. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही, आणि त्यांचा नकारही बंधनकारक नाही.
- गरोदर म्हणून केंद्रावरून परत पाठवले तर कारण विचारा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटण्याची मागणी करा. गरोदरपण हे लस नाकारण्याचे कारण नाही.
- टोचण्यापूर्वी फायदे आणि त्रास समजावून सांगितले गेले पाहिजेत. रांग मोठी आहे हे उत्तर नव्हे.
- जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी इस्पितळातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि ने-आण मोफत आहे. बूस्टर घेतला किंवा न घेतला, त्याने काही फरक पडत नाही.

सासूबाईंचे काय, हा कायद्याचा प्रश्न नव्हे. त्यांनाही बरोबर घेऊन 9 तारखेच्या तपासणीला जा. डॉक्टरांकडून ऐकलेले त्यांना सुनेकडून ऐकलेल्यापेक्षा लवकर पटते. शिवाय त्यांचा स्वतःचा बूस्टरही बहुधा राहिलेलाच असतो, आणि बाळाला दिवसभर मांडीवर घेणार त्याच.

उरलेले प्रश्न

*बूस्टर घेतल्यावर दिवस गेल्याचे कळले.* काळजी करू नका, गर्भपाताचा विचार तर करूच नका. डॉक्टरांना तारीख सांगा आणि नेहमीच्या तपासण्या चालू ठेवा.

*मूल हवे आहे, बूस्टरनंतर किती थांबावे?* एक दिवसही नाही.

*अंगावर पाजते आहे.* घ्या. स्तनदा मातांना मे 2021 पासूनच मुभा आहे, आणि लसीनंतर तासभरही दूध तोडावे लागत नाही.

*माझी तारीख 30 सप्टेंबरनंतर पडते.* 2022 मध्ये खासगी केंद्रात लसीची किंमत 225 रुपये अधिक कर होती, आणि टोचण्याचे जास्तीत जास्त 150. सगळे मिळून सुमारे 386 रुपये होत होते. त्याहून जास्त कुणी मागितले तर पावती मागा. मुदत वाढली का, ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कासारवर्ण्याला किंवा पेडण्याला फोन करून विचारा, आणि नसेल वाढली तर म्हापशाला सोनोग्राफीसाठी जाल त्याच फेरीत बूस्टर घेऊन या.